तो स्फिंक्स नाही, लामासू आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत फोर्टातल्या जुन्या इमारतींवर पानभर लेख आला होता. लेख चांगला होता, मी दोनदा वाचला आणि कात्रण पण काढून ठेवलंय. पण त्यात माणेकजी सेठ अग्यारीच्या दारातल्या त्या पंखवाल्या बैलाचा फोटो छापलाय आणि खाली लिहिलंय "इजिप्शियन शैलीतील स्फिंक्स". ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. तो स्फिंक्स नाही हो. त्याचा इजिप्तशी संबंध नाही. तो लामासू आहे, असिरियाचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधला.

मी काही इतिहासाची प्रोफेसर वगैरे नाही. त्या अग्यारीपासून पाच मिनिटांवरच्या एका ऑफिसात 28 वर्षं क्लार्क होते, डोंबिवलीहून फास्ट पकडायची, व्हीटीला उतरायचं आणि त्या रस्त्याने चालत जायचं, रोजचंच. पहिली काही वर्षं मी पण त्याला स्फिंक्सच म्हणायचे, कारण शाळेत तेवढंच डोक्यात बसलेलं, माणसाचं तोंड आणि जनावराचं अंग दिसलं की स्फिंक्स. मग आमच्या ऑफिसातल्या एका पारशी साहेबांनी एकदा लंच टाइममध्ये मला समोरच्या फुटपाथवर उभं केलं आणि बोट दाखवून दाखवून सगळं समजावलं. त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलेय.

गिझाचा स्फिंक्स म्हणजे सिंह, बसलेला, पंख नाहीत, डोक्यावर राजाचं कापडी शिरोवस्त्र, आणि तो एकटा आहे, जागच्या खडकातच कोरून काढलेला, 73 मीटर लांब. लामासू उभा असतो. अंग बैलाचं, कधी सिंहाचं, पंख गरुडासारखे, तोंड माणसाचं, लांब कुरळी दाढी आणि डोक्यावर शिंगांचा मुकुट. ती शिंगं म्हणजे देवपणाची खूण. आणि मुख्य म्हणजे तो जोडीने असतो, दाराच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. आपल्याकडे विष्णूच्या देवळात जय-विजय उभे असतात ना, तसे हे राखणदार, वाईट ते आत येऊ नये म्हणून.

जुन्या असिरियन लामासूंची एक गंमत मला फार आवडते. त्यांना पाच पाय असतात. समोरून बघितलं तर पुढचे दोन पाय जुळवून तो ठाम उभा दिसतो, बाजूने बघितलं तर चार पायांनी चालताना दिसतो. म्हणजे तुम्ही दाराकडे येताय तोपर्यंत तो तुम्हाला अडवून उभा, आणि तुम्ही दारातून आत शिरलात की तो तुमच्या बाजूने चालतोय. एकाच दगडात हे दोन्ही बसवायचं म्हणून कारागिराने एक पाय जादा कोरला. पावणेतीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इतका विचार केला होता की माणूस कुठून येणार, कुठे थांबणार, मान कुठे वळवणार. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून बसले होते थोडा वेळ. पायांच्या मधल्या जागेत राजाच्या पराक्रमाचं वर्णन क्युनिफॉर्म म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या जुन्या लिपीत कोरलेलं असतं, ते वेगळंच.

असे लामासू निमरूद या असिरियाच्या जुन्या शहरात अशुरनासिरपाल दुसरा या राजाच्या राजवाड्यात होते, त्याचा काळ इ.स.पू. 883 ते 859. लेयार्ड नावाच्या इंग्रजाने तिथे 1845 मध्ये खणायला सुरुवात केली आणि मातीतून पहिल्यांदा एक प्रचंड डोकं वर आलं तेव्हा कामावरच्या लोकांना वाटलं की खुद्द दंतकथेतला निमरूद राजाच सापडला, घाबरून पळापळ झाली आणि बातमी मोसूलपर्यंत गेली. मग हे अवजड दगड गाड्यावर घालून शेकडो माणसांनी नदीपर्यंत ओढत नेले, तिथून हवा भरलेल्या कातडी पखालींच्या तराफ्यांवरून टायग्रिस नदीने खाली बसऱ्याच्या बंदराला.

आता मुंबईचा संबंध ऐका, कारण तो तुमच्या लेखात असायलाच हवा होता. बसऱ्याहून निमरूदच्या काही पेट्या लंडनला जाताना मुंबईच्या बंदरात उतरल्या. त्यात शल्मनेसर तिसरा या राजाचा प्रसिद्ध काळा स्तंभ पण होता, ज्याच्यावर खंडणीत आलेला हत्ती, गेंडा, दोन वशिंडांचे उंट कोरलेत. 1848 मध्ये या पेट्या इथे उघडल्या, लोकांना बघायला ठेवल्या, त्यावर लेक्चरं पण झाली. लेयार्ड यावर चांगलाच चिडला होता, कारण काही छोट्या वस्तू गायब झाल्या आणि परत बांधताना नीट बांधल्या नाहीत. त्याचा राग मला समजतो. पण लंडनच्या लोकांच्या आधी मुंबईकरांनी तो स्तंभ बघितला हे पण तेवढंच खरं आहे, आणि ते आपल्यातल्या किती जणांना माहितीय?

मग पारशांच्या अग्यारीवर असिरियाचा बैल कसा, असं कोणी विचारेल. तो इराणमार्गे आला. असिरियाची राजधानी निनेवे इ.स.पू. 612 मध्ये पडली, असिरियाचं राज्य संपलं, पण ही कल्पना संपली नाही. इराणच्या बादशहांनी ती उचलली आणि पर्सेपोलिस या त्यांच्या राजधानीत झर्क्सिस बादशहाने जो "सर्व राष्ट्रांचा दरवाजा" बांधला त्याला असेच पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल बसवले. फक्त तिथे पाचवा पाय गेला, चारच राहिले. पुढे मुंबईतल्या पारशांनी अग्यारी बांधताना आपल्या जुन्या इराणची आठवण म्हणून पर्सेपोलिसचे खांब आणि हे बैल घेतले. माणेकजी सेठ अग्यारी मूळ 1733 ची, आत्ताची इमारत 1891 ची. वाडियाजी आतश बेहराम या पारशांच्या मोठ्या अग्निमंदिराला पण असे बैल आहेत. म्हणजे इराक, इराण, मुंबई असा प्रवास आहे हा, इजिप्त यात कुठेच येत नाही.

तुम्ही म्हणाल एका ओळीसाठी बाई एवढं का लिहितायत. कारण 2015 मध्ये मी टीव्हीवर बघितलं, आयसिसची माणसं निनेवेच्या नेर्गल दरवाजावरच्या लामासूच्या चेहऱ्यावर ड्रिल मशीन चालवत होती. पुढे निमरूदचा राजवाडा स्फोटकं लावून उडवला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना अग्यारीसमोर थांबले आणि बराच वेळ त्या दोघांकडे बघत राहिले, ते होते तिथेच, शांत. तेव्हापासून त्यांना कोणी चुकीच्या नावाने हाक मारली की मला लागतं. तिकडे त्यांच्यासाठी काय काय केलंय लोकांनी. खोर्साबादला सार्गोन दुसरा या राजाच्या शहरातला एक लामासू आहे, 18 टनांचा, त्याचं डोकं 1990 च्या दशकात चोरांनी कापून नेलं होतं, ते परत मिळून आता बगदादच्या म्युझियममध्ये आहे. आयसिस येतंय कळल्यावर गावकऱ्यांनी पळून जायच्या आधी उरलेलं धड लपवून ठेवलं, आणि 2023 मध्ये ते पुन्हा खणून काढलं तर पंखाचं एकेक पीस जागेवर! स्वतःचा जीव मुठीत धरून निघालेली माणसं दगडाच्या बैलाची काळजी करून गेली, आणि आपण इथे सुखात बसून त्याचं नाव पण नीट लिहू नये का?

तर माझी विनंती आहे की फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापा, आतल्या पानावर कोपऱ्यात नको, पुरवणीतच छापा. आणि जमलं तर लामासूवर एक वेगळा लेख करा. काळा घोड्याच्या म्युझियममध्ये (आपलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निमरूदच्या राजवाड्यातल्या कोरीव शिळा आहेत, तिथून अग्यारी चालत जाण्यासारखी आहे, शाळेच्या सहलीला एका दिवसात दोन्ही होईल. अग्यारीसमोरच्या फुटपाथवर दोन ओळींचा मराठी फलक लागला तर फारच बरं, तुमच्या पेपरने मनावर घेतलं तर ते होऊ शकतं.

तुमचे फोटोग्राफर परत गेले तर त्यांना सांगा, पारशी नसलेल्यांना आत सोडत नाहीत, पण आत जायची गरजच नाही, दोघंही बाहेर दाराशीच आहेत. आणि यावेळी फोटोत एकच नको, दोघंही घ्या.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)