हिरवेपण बापाकडून

मिझुला, मॉन्टाना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी बाबांनी दोनदा विचारलं, "तू नक्की करतेस काय?" आणि दोन्ही वेळा मी "झाडांचंच काहीतरी" म्हणून विषय बदलला. कॉलवर त्यांना धड ऐकू येत नाही, आणि मला ओरडून सांगायचा कंटाळा. म्हणून लिहितेय. आई, मोठ्याने वाचून दाखव.

झाडाचं नाव व्हाइटबार्क पाइन. रॉकी पर्वतात बाकीची झाडं जिथे हात टेकतात, तिथे हे उभं असतं. हजार वर्षंही जगतं. आणि बाबा, शंकूंचा खरा बहर त्याला साठी उलटल्यावर येतो! पण गेल्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून रोपांबरोबर एक तांबेरा आला, आपल्या गव्हावरच्या तांबेऱ्याचा भाऊबंद. तो आणि सालीखालचे भुंगेरे मिळून रानंच्या रानं वाळली. २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने या झाडाला संकटग्रस्त ठरवलं.

मी त्याच्या सुयांसारख्या पानांमधल्या हरितलवकाचा, म्हणजे पानाला हिरवं करणाऱ्या पेशीतल्या कणांचा, डीएनए वाचते. सुया द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलबत्त्यात कुटायच्या. हो आई, खराखुरा खलबत्ता. राळेमुळे दोनदा नुसता तपकिरी चिकटा हाती आला, तिसऱ्यांदा जमलं. डीएनएची साधारण १ लाख १७ हजार अक्षरं, तीही तुकड्यातुकड्यांत. बाबांनी पावसात भिजून फाटलेला सातबारा जुळवला होता ना, तशी टोकाला टोक लावत जायची. इथे संगणक लावतो, एवढंच.

गंमत पुढेच आहे. बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडून येतं, पाइनमध्ये मात्र परागातून, म्हणजे बापाकडून. पराग वाऱ्यावर कुठच्या कुठे जातो. बी नटक्रॅकर नावाचा पक्षी नेऊन पुरतो, आणि त्याने खायचं राहिलेलं उगवतं. म्हणजे मी वाचतेय ती कुळकथा नुसती बापाची, वाऱ्याने आणलेली. आईकडची तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांत असते, ती पुढच्या वर्षी. रागावू नकोस.

"याने झाड वाचेल का?" हा बाबांचा पुढचा प्रश्न. एवढ्याने नाही. तांबेऱ्याला दाद न देणारे गुण पेशीकेंद्रातल्या डीएनएत असतात, आणि तो अडीच हजार कोटी अक्षरांहून मोठा. कुठल्या डोंगरावरची झाडं कुणाची सोयरी, याचा थोडा अंदाज मी देऊ शकेन. लागवडीसाठी बी गोळा करताना सगळं एकाच घराण्यातलं येऊ नये, त्याला ते उपयोगी.

हाताची राळ साबणाने जात नाही. खोबरेल तेलाने गेली, तू म्हणाली होतीस तसंच. रविवारी बाबांना कानातलं यंत्र घालून बसव.

तुमची,
मनू