हायमास्ट आणि आसियागो

संपादक साहेब, नमस्कार,

इटलीत आसियागो म्हणून एक छोटंसं गाव आहे, लोकसंख्या सहा-साडेसहा हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गावच, आणि नाव कशासाठी तर चीजसाठी. पहिल्या महायुद्धात ते पार जमीनदोस्त झालेलं, तरी १९४२ साली, दुसरं युद्ध चालू असताना, पादुवा विद्यापीठाने तिथं १२२ सेंटीमीटर आरशाची दुर्बीण बसवली, गॅलिलिओच्या नावाची (तो त्याच विद्यापीठात शिकवायचा ना). मग १९७३ ला, कोपर्निकसच्या ५०० व्या जयंतीला, जवळच्या डोंगरावर १८२ सेंटीमीटरची दुसरी, इटलीच्या जमिनीवरची ती सगळ्यात मोठी. पण मला खरं कौतुक वाटलं ते तिथल्या वेनेतो प्रांताचं, त्यांनी १९९७ मध्येच रात्रीच्या फालतू उजेडाविरुद्ध कायदा केला!

आणि आमच्याकडे? चौकात हायमास्ट लागला, उजेड खाली कमी अन् वर जास्त. मागच्या उन्हाळ्यात पोराला सप्तर्षी दाखवायला गच्चीवर नेलं तर मोजून चार तारे दिसले, तेवढ्यात लाईट गेली, खाली सगळा गाव एमएसईबीच्या नावानं बोंबलतोय आणि हा वर बघून म्हणतो, पप्पा, एवढे कुठून आले?

तोरणमाळ पण आसियागोसारखंच हजार मीटरच्या वर आहे. तिथं हॉटेलं न् हायमास्ट वाढायच्या आत निदान दिव्यांना वरून झाकणं तरी लावा, एवढं छापा.

– एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव