संज्या, तुझ्या बीचच्या प्लॅनबद्दल

गुहागर, रविवार

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला, "विमानाचं इंजिन बंद पडलं तर घाबरतोस काय, तुमच्या दारात एवढी लांबलचक वाळू आहे, उतरव की!" हसलो नाही हं, दोन महिन्यांपूर्वी मीपण हेच म्हणत होतो.

गेल्या आठवड्यात २००० फुटांवर विमान शिकवणाऱ्या सरांनी काही न बोलता थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मागे ओढला. सराव असतो तो, पण आवाज उतरला ना की पोटात गोळा येतोच. आमचं छोटं विमान, सेसना १७२, दगडासारखं पडत नाही, ६५ नॉट म्हणजे ताशी १२० किलोमीटरचा वेग धरून ठेवला तर तेवढ्या उंचीवरून साडेपाच किलोमीटर तरंगत जातं, पण हातात ३ मिनिटंपण नसतात आणि त्यात जागा शोधायची, फ्युएल बघायचं, कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारा दांडा, ओढायची (आपल्यासारख्या घामट हवेत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो, २०-२५ डिग्रीलासुद्धा, मलाही आधी खोटं वाटलेलं), रेडिओच्या १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, द्यायचा. मी येडा नाक खाली धरून वेग सांभाळायचं सोडून आधी चावी फिरवत बसलो आणि स्पीड ५५ वर आला. सर शांतपणे म्हणाले, "इंजिन नंतर. आधी नाक."

तर सुट्टीला आलो आणि आज ओहोटीला किनाऱ्यावर त्याच नजरेने फिरलो. ओली वाळू कडक, मस्त, कोरडीत मात्र चाक रुतणार. पण मोकळी जागा कुठाय? रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचे) दोर, ओढून ठेवलेल्या होड्या, पोरांची क्रिकेट, पुण्याच्या गाड्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालला लिस्बनजवळ एक सेसना १५२ असंच भरलेल्या बीचवर उतरलं, विमानातले दोघं सुखरूप, वाळूवरचे दोघं गेले, त्यात ८ वर्षांची मुलगी. इंजिन बंद असलं की मागून येणारं विमान लाटांच्या आवाजात कोणाला ऐकू येणार रे? हे कळल्यापासून तो बीचचा प्लॅन मी डोक्यातून काढून टाकलाय.

सडा, म्हणजे कातळाचं पठार, वरून टेबलासारखा दिसतो, पण कातळात खड्डे आणि मध्ये गडगे (दगडी कुंपणं). भाताची खाचरं कापणीनंतर बरी, तरी बांध आडवे येतातच. मग किनाऱ्यावर गर्दी असेल तर लगतचं पाणी.

हे काकाला सांगितलं, त्याची ३० वर्षं बोटीवर गेली. म्हटलं, पाण्यात उतरवताना विमान लाटांच्या रांगेला समांतर ठेवतात, समोरून लाटेत घुसलं तर भिंतीवर आपटल्यासारखं होतं. तो उडालाच. "मेल्या, लाटेला आडवी घातली की होडी उलटते, हे तुला शेंबडं पोर सांगेल!" अर्धा तास वाळूवर रेघा मारून भांडलो. शेवटी त्याला पटलं की होडी पाण्यात राहायला असते आणि आपल्याला तिथे फक्त थांबायचंय. तेही सरळ नाहीच, या विमानाची चाकं आत जात नाहीत, तीच आधी पाण्याला लागतात आणि नाक खाली जाऊन उलटंही होऊ शकतं. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं, आत फुगवलं तर छताला चिकटून बसशील.

"आमचं इंजिन बंद पडलं तर नांगर टाकतो आणि बिडी ओढतो, तुम्ही काय टाकता?" काका म्हणाला.

म्हटलं, काही टाकत नाही, फक्त उतरायच्या आधी दार किलकिलं करून फटीत बूट अडकवतो, आपटल्यावर दार बसू नये म्हणून.

त्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "जुना घालून जात जा."

तुझा,
बाळ्या