पक्ष्याला पाणी घालणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणता आणि विषय संपवता. गेल्या तीन वर्षांत निदान दहा वेळा हे झालंय. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला चहाच्या निमित्ताने उठून जाता येणार नाही.

लंडनमधल्या ब्रेंटफर्डच्या म्युझिकल म्युझिअममध्ये मी खरं तर पावसामुळे शिरले होते. निघाले होते क्यू गार्डन्सला. आत बस्टर कीटनचा एक मूकपट दाखवणार होते. तिकीट काढलं, ओली छत्री खुर्चीखाली ठेवली. दिवे मंद झाले आणि पडद्यापुढच्या जमिनीतून घोड्याच्या नालेसारखं वळलेलं, रंगीत पट्ट्यांनी भरलेलं एक धूड हळूहळू वर येऊ लागलं. त्यावर बसलेला माणूस वाजवत वाजवतच वर आला. मला हसू फुटलं. मग त्याने एक लांब सूर धरला, थरथरता, जरा नाकातला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "अगं बाई, हा तर आजोबांचा ऑर्गन!"

पुढच्या रांगेतलं टक्कल मागे वळलं. "कुठल्या आजोबांचा?" असं शुद्ध मराठीत विचारलंत तुम्ही.

मध्यंतरात मी सांगितलं की सांगलीच्या आमच्या घरात एक पायाने वाजवायचा ऑर्गन आहे, आजोबा हौशी संगीत नाटकांना साथ करायचे, ते गेल्यापासून तो मुका आहे आणि वर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. कपड्यांचं ऐकून तुमचा चेहरा असा झाला की जणू मी कुणाच्या अंगावर ढीग ठेवला होता. मग तुम्ही दोन वाक्यांत मला जागेवर आणलंत. "तुझ्या आजोबांच्या ऑर्गनला नळ्या नाहीत, पितळी सूर आहेत. तो हवा ओढतो, हा हवा ढकलतो. पण दोघांना लागतो भाताच." त्या दिवशी निम्मंच कळलं होतं.

समोरचा ऑर्गन, वुर्लिट्झर कंपनीचा, मूळचा किंग्स्टनच्या रीगल सिनेमातला, १९३२ सालचा, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि पुढच्या शनिवारी तुमची मंडळी असाच एक ऑर्गन सांभाळतात त्या हॉलवर यायला सांगितलंत. जुने कपडे घालून. मला वाटलं, ऐकायला बोलावताय.

ऑर्गनच्या खोलीत शिरायला गुडघे टेकावे लागले. सिनेमाघरात बसणाऱ्यांना ऑर्गन म्हणजे तो समोरचा नाल दिसतो. खरा ऑर्गन भिंतीआडच्या खोल्यांत असतो हे मला ठाऊकच नव्हतं. पेन्सिलीएवढ्या नळीपासून सोळा फुटी लाकडी खोक्यापर्यंत शेकडो नळ्या. खरा ढोल, खऱ्या झांजा, खरा झायलोफोन, सगळे हवेवर वाजणारे. घोड्याच्या टापांसाठी करवंट्या! आणि एका कोपऱ्यात वाटीत उलटी बुडवलेली इवलीशी शिट्टी, म्हणजे मूकपटातला पक्षी. पाणी आटलं की तो नुसता फुसफुसतो. तुम्ही माझ्या हातात प्लास्टिकची बाटली दिलीत. "पक्ष्याला पाणी घाल. आज एवढंच."

पुढे कित्येक शनिवार माझं पद तेच होतं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तुमची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, म्हणून तुम्ही सगळं त्याच भाषेत समजावलंत. पट्टी दाबली की वीज जाते, चुंबक उचलतो, चिमूटभर हवा सुटते, चामड्याचा छोटा फुगा बसतो, झडप उघडते, नळी बोलते. नळ्यांचा एकच संच कुठल्याही पट्ट्यांवरून, खालच्या-वरच्या सप्तकांत हवा तसा जोडता येतो. ग्राहक कुठलाही, लाइन कुठलीही. आणि हे डोकं खरोखरच एका टेलिफोनवाल्याचं. रॉबर्ट होप-जोन्स, जन्म १८५९, टेलिफोन कंपनीत मुख्य इलेक्ट्रिशियन. बर्कनहेडच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये त्याने ऑर्गनच्या पट्ट्या नळ्यांपासून तोडून केबलच्या टोकाला नेल्या, त्या पार चर्चबाहेरच्या आवारात नेऊनही वाजवून दाखवल्या. १९०३ मध्ये तो अमेरिकेला गेला, १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीत आला, १९१४ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या कल्पनेवर कंपनीने पुढे दोन हजारांहून जास्त ऑर्गन विकले. हे सांगताना तुमचा आवाज चढतो. तो माणूस तुमच्याच खात्यात होता, अशा थाटात.

एकदा मी म्हणाले, या यंत्राने थेटरातल्या वीस-वीस वादकांच्या पोटावर पाय आणला असेल. तुम्ही म्हणालात, "आणलाच. मग बोलपटाने या ऑर्गनवाल्यांच्या पोटावर आणला." आणि लगेच वर दुरुस्ती: इंग्लंडात गंमत उलटी झाली. इथले बरेचसे सिनेमा ऑर्गन बोलपट आल्यानंतरच, तिशीच्या दशकात बसले. दोन खेळांच्या मध्ये लोकांना गायला लावायला. ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये रेजिनाल्ड डिक्सन १९३० पासून १९७० पर्यंत वाजवत होता. चाळीस वर्षं एका बाकावर! काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "त्याच्या घरचे नळ कोण दुरुस्त करत होतं?" आम्ही दोघांनी ऐकलं नाही असं केलं.

त्यावर मी आपल्याकडचं सांगितलं. मुंबईत मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असायची, आणि बोलपट आला तेव्हा आपल्या पेटीवाल्याने त्याच्याशी सोयरीकच जुळवली. गोविंदराव टेंबे, मानापमानाचे संगीतकार, १९३२ च्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त संगीतही त्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. तुम्ही म्हणालात, "हे मला माहीत नव्हतं." तुमच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकलंय, तेव्हा तारीख लिहून ठेवली आहे.

टूटिंगचं तर विसरणंच शक्य नाही. डोसा खायला म्हणून नेलंत आणि हात धुतल्यावर एका बिंगोच्या अड्ड्यात घुसवलंत. १९३१ चं ग्रॅनडा सिनेमाघर. आत गॉथिक कमानी, आरशांचं दालन, एखाद्या कॅथेड्रलने लॉटरी सुरू केल्यासारखं. आज्या आकडे खोडत बसलेल्या. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "इथे चार मॅन्युअलचा, म्हणजे पट्ट्यांच्या चार ओळींचा, वुर्लिट्झर आहे. चौदा रँकचा, म्हणजे नळ्यांच्या चौदा संचांचा." मला तेव्हा दिसत होत्या त्या फक्त आज्या. पण तेव्हापासून कुठल्याही जुन्या थेटरात गेले की मी पडदा बघत नाही, बाजूच्या भिंतींवरच्या, नळ्यांच्या खोल्या झाकणाऱ्या जाळ्या बघते.

आता मुख्य गोष्ट.

मागच्या वर्षी घराची वाटणी निघाली आणि ऑर्गनचं काय, हा प्रश्न आला. एका दुरुस्तीवाल्याने येऊन पाहिलं, भाता गेलाय म्हणाला, आतलं सगळं काढून इलेक्ट्रॉनिक बसवून देतो, वरून दिसायला तसाच राहील. दादा जवळजवळ हो म्हणाला होता. मी रडवेली होऊन तुम्हाला फोन केला. मला वाटलं, तुम्ही हळहळाल. तुम्ही विचारलंत, "घरात उदबत्ती आहे का?"

सुट्टी काढून मी सांगलीला गेले. तुम्ही लंडनहून व्हिडिओवर, तिथे पहाटेचे साडेपाच, डोक्यावर माकडटोपी. मी पायटे मारायचे आणि दादाने पेटती उदबत्ती भात्याच्या कडेकडेने फिरवायची. नळ्यांच्या ऑर्गनची गळती तुम्ही ओल्या हाताच्या पाठीवर शोधता, कारण तिथे हवा बाहेर येते. इथे भाता हवा ओढतो, म्हणून धूर जिथे आत खेचला जाईल तिथे भोक. पहिल्याच दिवशी सात सापडली. त्यातलं एक उंदराने इतकं सुबक पाडलं होतं की तुम्ही त्याला दाद दिलीत. भाता गेला नव्हताच, कापड गेलं होतं.

मग सरस. बाजारातला पांढरा गोंद नको, सरसच हवा. पन्नास वर्षांनी पुढच्या माणसाला गरम पाण्याने सोडवता आला पाहिजे, हे तुम्ही मला तीन वेळा बजावलंत. घरभर तो वास. आई म्हणाली, नाटक कंपनी उतरल्यासारखं वाटतंय. गुडघ्याशी असलेली फळी, जी मला लहानपणी पाय टेकायची जागा वाटायची, ती आतल्या झडपा उघडून आवाज वाढवते, हे तर त्या चौथ्या दिवशी कळलं. वुर्लिट्झरच्या खोलीला त्याच झडपा असतात, फक्त दारांएवढ्या! तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता, मी पाणी घालण्यात गुंतले होते.

सहाव्या दिवशी दादाने पायटे मारले आणि मी पांढरी चार दाबली. आवाज आला. जरा दमेकरी होता, पण त्याचाच होता. आई आतून आली, बोलली काही नाही, ऑर्गनवरचा टॉवेल तेवढा उचलून घेऊन गेली. तुम्ही तिकडे चष्मा पुसत होता आणि म्हणालात, "नेटवर्क गेलंय वाटतं." नेटवर्क उत्तम होतं, काका.

मी एकदा विचारलं होतं, या सगळ्याचे किती द्यायचे. तुम्ही चिडलात. पैशांवरून नव्हे, मी प्रश्न विचारेपर्यंत दोन सूर घासायचे राहिले होते म्हणून. तेव्हा राहिलेले आभार ते हे. उदबत्तीचे, सरसाचे, त्या पहाटेंचे, आणि पहिल्या दिवशी बाटली हातात देऊन कुठलंही व्याख्यान न दिल्याचे. काकूंचे वेगळे, कारण व्हिडिओच्या मागून "आधी मुलीला जेवू दे" हे त्याच म्हणत होत्या.

पांढरी पाच खालच्या सप्तकात अजून अडखळते. कोरड्या दिवशी बोलते, पाऊस लागला की गप्प. दादा म्हणतो लाकूड फुगतंय, मला सुराखाली कचरा वाटतो. त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला आहे, ऐकून सांगा. मी चौदा तारखेला परत येते. शनिवारी हॉलवर असेन. तोवर पक्ष्याकडे बघा, मागच्या वेळी वाटी अर्धीच भरली होती.

तुमची,
सांगलीची पाणीवाली