डिव्हायझेस–वेस्टमिन्स्टर शर्यत: जोड्यांचा रात्रीचा सराव

मंडळी, ईस्टर जवळ आला, म्हणजे इंग्लंडमधली ही होड्यांची शर्यतही. 125 मैलांत लॉकना (पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांना) वळसा घालत 77 वेळा होडी उचलून पळायचंय, नुसत्या वल्हवण्याच्या दमावर भागणार नाही. येत्या शनिवारी रात्री 8 वाजता न्यूबरी लॉकपाशी जमूया. आधी कोण उतरणार, होडी कुणाच्या कोणत्या खांद्यावर, हे दोघांनी घरूनच ठरवून या. अंधारात ओल्या काठावर त्यावरून हमखास बिनसतं! हेडटॉर्च, लाइफजॅकेट, कोरडे कपडे हवेतच. चिक्की आणा, पण बारीक तुकडे करून. थंडीत तिचा दगड होतो. टेडिंग्टनपासून थेम्स नदीला भरती-ओहोटी लागते; सपोर्टवाल्यांनी तिथल्या वेळा पाहून ठेवाव्यात. ओहोटी हुकली तर शेवटच्या 17 मैलांसाठी तिथेच ताटकळावं लागतं. येणाऱ्या जोड्यांनी गुरुवारपर्यंत कळवा.