वनस्पती आहार आणि प्राण्यांवरचे प्रयोग

संपादक महोदय,

वनस्पती आहाराचा विषय निघाला की लोक लगेच भावनांवर घसरतात आणि तब्येतीचं बोलायचं राहूनच जातं. फायबर मिळतं ते फक्त वनस्पतींतूनच, मांस अंडी दूध यात ते नसतंच, म्हणून डाळी कडधान्यं भाज्या वाढवल्या की पोट साफ राहतं आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही उतरायला मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ मधे प्रोसेस्ड मीटला (सॉसेज, बेकन, हॅम वगैरे) कॅन्सरकारक म्हटलंय. अर्थात चिप्स आणि कोल्ड्रिंकही वनस्पतींचंच असतं, त्यावर जगणाऱ्याचं काही भलं होत नाही! आणि बी-१२ व्हिटॅमिन मात्र गोळ्यांतून वगैरे बाहेरून घ्यावंच लागतं, तिथे हट्ट नको.

आता प्रयोगांचं. सशाच्या डोळ्यात केमिकल टाकून जळजळ बघायची टेस्ट कितीतरी वर्षं चालली, आज माणसाच्या पेशींपासून वाढवलेले टिश्यू, ऑर्गन-ऑन-चिप (छोट्या चिपवर माणसाच्या पेशी वाढवून अवयवासारखं काम करून बघणं), कॉम्प्युटर मॉडेल असं बरंच काही हाताशी आहे. युरोपियन युनियनने २०१३ पासून प्राण्यांवर टेस्ट केलेल्या नव्या कॉस्मेटिक्सची विक्रीच बंद केली, अमेरिकेनेही २०२२ मधे औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची कायद्यातली सक्ती काढली. प्राण्यांवर पास झालेली बहुतेक औषधं पुढे माणसांवरच्या चाचण्यांत फेल होतात, मग त्या पद्धतीला इतकं चिकटून का बसायचं? हां, संपूर्ण शरीरावरचा किंवा गर्भावरचा परिणाम तपासायला अजून पूर्ण पर्याय नाही हे खरंय, पण पैसा तिकडे लावला तरच तो तयार होईल ना.

– एक वाचक