दणका बसला, पण निकाल काय लागला?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी एका मराठी वृत्तवाहिनीच्या पडद्यावर, तळाशी फिरणाऱ्या पट्टीत, 'न्यायालयाचा दणका, भरती रद्द' अशी चार शब्दांची बातमी झळकली. त्या भरतीची लेखी परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत असलेला माझा भाचा ती वाचून मुकाट्याने उठला आणि दोन वर्षे उराशी धरलेल्या पुस्तकांचा गठ्ठा बांधून त्याने माळ्यावर टाकला. मी 26 वर्षे न्यायालयात भाषांतराचे काम केले असल्यामुळे अशा बातमीवर विश्वास ठेवण्यापूर्वी मूळ आदेश वाचण्याची खोड मला जडलेली आहे. दुसऱ्या दिवशी तो संकेतस्थळावर मिळाला. न्यायालयाने भरती रद्द केलेलीच नव्हती. पुढील तारखेपर्यंत निकाल जाहीर करण्यास स्थगिती दिली होती. 'स्थगिती' म्हणजे तूर्त थांबा आणि 'रद्द' म्हणजे विषय संपला, हा फरक न्यायालयाच्या आवारात चहा पोहोचवणाऱ्या मुलालाही ठाऊक असतो. ती पट्टी तोपर्यंत नाहीशी झाली होती. ती चुकीची होती, असे मात्र कोणीही सांगितले नाही.

वाहिन्यांच्या मराठीबद्दल आपल्या स्तंभात यापूर्वीही पत्रे आली आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख इंग्रजी शब्दांवर असतो. माझी तक्रार ती नाही. पोलीस, बस, तिकीट, डॉक्टर हे शब्द आता आपलेच आहेत आणि एखाद्या वार्ताहराने 'दूरध्वनी'ऐवजी 'फोन' म्हटले म्हणून मराठीचे काहीही बिघडत नाही. ग्रामीण बोलीत बोलणाऱ्या वार्ताहराला नाके मुरडणाऱ्यांतलाही मी नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की भडक, उसना किंवा सैल शब्द वापरला की बातमीतली माहितीच बदलते, आणि ती बदलली आहे हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही व ऐकणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग उरत नाही.

न्यायालय आणि पोलीस यांच्या बातम्यांत हे सर्वाधिक जाणवते, निदान मला तरी. एखाद्याला चौकशीसाठी ताब्यात घेणे आणि अटक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा दाखल होणे, दोषारोपपत्र सादर होणे आणि गुन्हा सिद्ध होणे यांत तर अनेकदा वर्षांचे अंतर असते. वाहिनीवर मात्र सकाळी संशयित असलेला माणूस दुपारी 'आरोपी', संध्याकाळी 'नराधम' आणि रात्रीच्या चर्चेत थेट 'खुनी' होतो, आणि त्याला पकडल्याचे वृत्त 'मुसक्या आवळल्या' याखेरीज दुसऱ्या क्रियापदाने सांगताच येत नाही. पुढे तो निर्दोष सुटला, तर त्या सुटकेला पट्टीतले चार शब्दही मिळतातच असे नाही. आता कलमांचे पाहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम 103 झाले. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनेच कलम लागते हे खरे. पण कालपरवा घडलेल्या खुनाबाबतही 'तीनशे दोनचा गुन्हा दाखल' असे ठोकून दिले जाते. नव्या संहितेत 302 हा क्रमांक कोणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याच्या गुन्ह्याला मिळालेला आहे. म्हणजे खून करणाऱ्यावर आपण वाईट बोलल्याचा गुन्हा लावून मोकळे होतो!

मग येते गल्लीतली भाषा. दोन गटांतील बाचाबाची, दगडफेक, चाकूहल्ला आणि सभागृहातील सदस्यांची घोषणाबाजी या चारही प्रसंगांना वाहिन्यांकडे 'राडा' हा एकच शब्द आहे. त्या 'राड्या'त कोणी जखमी झाले की नुसताच आवाज चढला, हे कळण्यासाठी जाहिराती संपेपर्यंत थांबावे लागते, आणि कदाचित शब्द निवडण्यामागचा हेतूही तोच असावा. खुनाला 'गेम केला' आणि लाचेच्या रकमेला 'पेटी' किंवा 'खोका' म्हणणे ही मुळात गुन्हेगारांची भाषा. पुढाऱ्याने आरोप करताना ती वापरली, तर त्याचे शब्द म्हणून ती जशीच्या तशी ऐकवणे हे बातमीदाराचे कामच आहे. मात्र निवेदकाने स्वतःच्या तोंडून, हसत हसत, 'किती खोके?' असे विचारले, की आरोप करणारा कोण आणि बातमी देणारा कोण हेच कळेनासे होते.

याहून फसवा प्रकार मराठीच्या वेशातल्या हिंदीचा. 'धक्कादायक खुलासा' हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कचेरीत वरिष्ठ एखाद्या कर्मचाऱ्याकडून खुलासा मागवतात आणि तो बिचारा उशीर का झाला ते लिहून देतो. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ गौप्यस्फोट. त्यामुळे 'मंत्र्यांबाबत मोठा खुलासा' असे ऐकल्यावर मंत्र्यांवर काही नवे बालंट आले की जुने निवळले, हे मराठी कानाला ठरवता येत नाही. तीच गत 'संशोधना'ची. आपल्याकडे संशोधन प्रयोगशाळेत होते आणि कायद्यात दुरुस्ती होते. वाहिनीवर मात्र संसद कायद्यात 'संशोधन' करते. 'या मुद्द्याला घेऊन आंदोलन', 'त्याने माझी मदत केली', 'गोळीबारी झाली' यांनी अर्थाचे नुकसान होत नाही, नुसते कान दुखतात. त्यामुळे ती यादी मी लांबवत नाही.

पावसाळ्यात मात्र हा सैलपणा जिवावर बेतू शकतो. 'पावसाची तुफान बॅटिंग' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा सुचवले त्याला त्या दिवशी शाबासकी मिळाली असेल, पण ज्यांच्या उभ्या पिकात कमरेइतके पाणी आहे त्यांच्यासमोर उभे राहून ते आजही उच्चारले जाते. हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, तर ती ढगफुटी. वाहिन्यांवर मात्र जोराची कोणतीही सर म्हणजे ढगफुटी, आणि कोणी हटकलेच तर 'ढगफुटीसदृश' अशी पळवाट तयार असते. धरणांच्या बातम्यांत क्युसेक आणि टीएमसी यांची अशीच गल्लत चालते. क्युसेक हे पाण्याचे नव्हे, प्रवाहाचे माप आहे: सेकंदाला एक घनफूट. टीएमसी हे साठ्याचे माप, म्हणजे 100 कोटी घनफूट. त्यामुळे 'आतापर्यंत 50 हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले' या वाक्याला काही अर्थच नाही. 50 हजार क्युसेकचा विसर्ग अखंड सुरू राहिला, तर एक टीएमसी पाणी बाहेर पडायला सुमारे साडेपाच तास लागतात, हे सांगितले तर नदीकाठच्या माणसाला काही हिशेब करता येईल. भाषेत नेमकेपणा नाही म्हणावे, तर तसेही नाही. वळीव, झड, भुरभुर, रिमझिम, संततधार, मुसळधार हे सगळे पावसाचेच शब्द आहेत आणि त्यातल्या एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ज्या बोलीला काही शहरी मंडळी अशुद्ध म्हणतात, तिच्यात हा फरक अजून जिवंत आहे. तो हरवला आहे स्टुडिओत.

थेट प्रक्षेपणातल्या वार्ताहरांबद्दल लिहिताना माझी लेखणी थोडी मवाळ होते. 'नक्कीच, आपण पाहू शकतो, की या ठिकाणी मोठ्या प्रमाणामध्ये गर्दी ही झालेली आहे, आणि कुठेतरी पोलिसांच्या माध्यमातून बंदोबस्त हा ठेवण्यात आलेला आहे,' असे वाक्य रोज कानावर पडते. त्यातला गाळ काढला तर 'येथे मोठी गर्दी आहे आणि पोलीस बंदोबस्त आहे' एवढेच उरते. पण सकाळपासून एकाच फाटकापाशी उभ्या असलेल्या, आत काय चालले आहे याचा पत्ता नसलेल्या आणि तरीही दर तासाला दोन मिनिटे भरून काढावी लागणाऱ्या तरुण मुलाने दुसरे काय करावे? 'नक्कीच' म्हणेपर्यंत त्याला पुढचे वाक्य जुळवायला उसंत मिळते. दोष त्याचा नाही, सांगण्यासारखे काही नसताना त्याला बोलायला लावणाऱ्यांचा आहे.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे प्रदीप भिडे यांच्यासारख्यांच्या तोंडून बातम्या ऐकण्याची एका पिढीला सवय लागली, हे येथे कोणीतरी आठवून देईलच. ते दिवस सुवर्णाचे होते, असे मला म्हणायचे नाही. त्या बातम्या बऱ्याचदा सरकारी आणि रुक्ष असत. पण निवेदकाच्या हातात लिहिलेला मजकूर असे आणि तो आधी दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून गेलेला असे. आणि वेग हा काही बचाव नव्हे. बाळ ज. पंडित रेडिओवरून क्रिकेटचे धावते समालोचन मराठीत करत, तेव्हा चेंडू काही त्यांच्यासाठी थांबत नव्हता. फलंदाज, षटक, यष्टिरक्षक हे शब्द त्या वेगातूनच घरोघरी रुळले.

महोदय, हे पत्र आपल्याकडे पाठवण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपण छापाल की नाही याची मला शंका आहे. आपल्या छापील अंकात आजही मुद्रितशोधकाचा हात जाणवतो. परंतु आपल्याच संकेतस्थळावर काल 'दणका' दोनदा, 'राडा' एकदा आणि 'नेमके काय घडले?' हे शीर्षक तीन बातम्यांना मिळून वापरलेले आढळले. नेमके काय घडले हे सांगणे आपले काम आहे, तो प्रश्न वाचकाने विचारायचा असतो.

वाहिन्यांच्या चालकांकडे माझी मागणी फार मोठी नाही. न्यायालयीन आदेशाची पट्टी टाकण्यापूर्वी 'स्थगिती', 'रद्द', 'फेटाळली' आणि 'निकाली काढली' यांपैकी कोणता शब्द आदेशात आहे, एवढे एकदा तपासावे. आणि चूक झालीच, तर चुकीची पट्टी जितका वेळ फिरली तितकाच वेळ, त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्तीची पट्टी फिरवावी. माझ्या भाच्याला मी आदेशाची प्रत वाचून दाखवली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, 'मग टीव्हीवर तसे का सांगितले?' त्याची पुस्तके आता माळ्यावरून खाली आली आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नसल्यामुळे तो मी आपल्या स्तंभामार्फत त्यांच्याकडे पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार